गोकुळ अजून लॉगिन आहे

पुंजाजी काका आमच्या अंगणात उभे राहून आईला म्हणाले, "तुह्या पोरानं माह्या दुधाची फॅट कमी लिवली," तेव्हा गोकुळला जाऊन वर्ष होत आलं होतं.

मी माहेरी आले होते, ओसरीवर बसून लेकीला, ईश्वरीला, वरणभात भरवत होते. घास घेतलेला हात तसाच हवेत राहिला. पोरगी तोंड उघडून वाट बघत बसली.

आई सूप खाली ठेवून उठली. "पुंजाजी, शुद्धीत आहात ना?"

"हाव बाई, शुद्धीतच हाये." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मेलेलं माणूस आकडे बदलत नाई, येवढं मलेबी समजते. पण दूध केंद्राच्या चेअरमननं कॉम्प्युटरमंधी दाखवलं. माह्या म्हशीच्या दुधापुढचा आकडा सकाळी एक होता, दुपारी दुसरा झाला. बदलणाराचं नाव, गोकुळ. आता म्या कोणाले इचारू? ज्याचं नाव हाये त्याच्या घरी आलो."

आईनं त्यांना बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आमच्या बाबांनी, उकंडरावांनी, गोठ्यातून सगळं ऐकलं असणार. पण ते बाहेर आले नाहीत. गोकुळ गेल्यापासून ते धारा काढतात आणि दूध घेऊन केंद्रावर जाते ती आईच.

गोकुळ माझा पाठचा भाऊ. देऊळघाटच्या दूध संकलन केंद्रावर ऑपरेटर होता. लोक कॅन घेऊन यायचे, हा मशीनवर भाव ठरवणारी फॅट तपासायचा, वजन घ्यायचा, कॉम्प्युटरमध्ये टाकायचा आणि छोट्या प्रिंटरमधून पावती काढून द्यायचा. एका सकाळी प्रिंटरची वायर जळाली. "आलोच," असं म्हणून तो मोटरसायकल घेऊन बुलढाण्याला निघाला. फाट्याजवळ टिप्परनं त्याला उडवलं.

आणि योग असा, की केंद्रावरचं ते सॉफ्टवेअर ज्या छोट्या कंपनीचं, त्याच कंपनीत मी बुलढाण्याला काम करते. गोकुळ असताना मी दुसऱ्या कामावर होते. ईश्वरी झाल्यानंतर परत रुजू झाले तेव्हा लॉगिनचा भाग माझ्याकडे आला. माणूस आत येताना तो तोच आहे ना हे तपासायचं, आत आल्यावर त्याला कुठवर जाऊ द्यायचं हे ठरवायचं, गेला की दार लावायचं. यासाठी प्रोग्रॅमची तयार चौकट मिळते, सगळं स्वतः लिहावं लागत नाही. पण चौकट कशी बसवायची हे आपल्या हातात असतं.

हे काम माझ्या स्वभावाला धरून आहे. घरी मी गॅस बंद केला का ते पुन्हा पुन्हा बघते. ईश्वरी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरते. कडी लावल्यावर ती ओढून बघते आणि अंथरुणात पडल्यावर परत उठून बघते. माझा नवरा प्रज्वल हसतो. ऑफिसात मात्र कोणी हसत नाही. तिथं प्रत्येक दाराशी चोर उभा आहे असं धरून चालावं लागतं, आणि मला ते धरून चालायला वेगळं काही करावं लागत नाही.

पुंजाजी काका गेल्यावर मी ईश्वरीला कडेवर घेतलं आणि भर दुपारी केंद्रावर गेले. सकाळचं संकलन आटोपलेलं, संध्याकाळचं लांब. अशा वेळी तिथं दीपक एकटाच असतो. दीपक म्हणजे गोकुळचा जिवाभावाचा मित्र. त्याच्यामागं केंद्र आता तोच बघतो.

आत ताकासारखा आंबूस वास होता. फरशी नुकतीच धुतलेली, निसरडी. मी ईश्वरीला खाली सोडलंच नाही.

"या ताई," दीपक उठला. "हे लेकरू तं गोकुळवरच गेलं. नाक पाहा."

मी कॉम्प्युटरकडे बघत होते. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं : नमस्कार, गोकुळ.

बाजूला विजेच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली. टेबलाखाली इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ट्रॅक्टरची एक जुनी बॅटरी तारेनं बांधून ठेवलेली. मॉनिटरला दसऱ्याच्या झेंडूचा वाळलेला हार, त्याच्यावर हळदकुंकू.

"दीपक, तू रोज कोणत्या नावानं लॉगिन करतोस?"

त्यानं पडद्यावरच्या त्या नावाकडे पाहिलं.

"करतच नाई ताई," तो हळू म्हणाला. "त्यानं त्या दिवशी सकाळी जे केलं, तेच चालू हाये."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

तो सांगत राहिला. "त्याचं तेरावं झाल्यावर म्या आलो तं स्क्रीन चालूच होती. त्याचं नाव तसंच. आता बंद केलं तं पासवर्ड कोणाले माईत? मनून तसंच काम चालू केलं. लाईट जायची भीती, मनून ट्रॅक्टरची बॅटरी लावली. एकदा रातभर लाईट नव्हती तं पोट्ट्यांनी अजून दोन बॅटऱ्या आणल्या, म्हणे गोकुळले बंद नको पडू देऊ बे." तो हसला आणि लगेच थांबला. "म्या खुर्चीवर बसलो का म्हणतात, काय बे गोकुळ, आज दाढी नाई केली? पह्यले वाईट वाटे. मंग बरं वाटाले लागलं."

कॉम्प्युटरच्या भाषेत याला सेशन म्हणतात. एकदा पासवर्ड दिला की यंत्र एक खूण देतं, आणि ती खूण आहे तोवर परत विचारत नाही, तू कोण. माझ्याआधी ज्यानं हे लिहिलं होतं त्यानं त्या खुणेला मुदतच घातली नव्हती. माणूस उठून गेला तरी यंत्राच्या लेखी तो खुर्चीतच.

"तुम्ही तं बनवणाऱ्या," दीपक म्हणाला. "तुमाले त्याचा पासवर्ड दिसत असन ना?"

"नाही रे. आम्ही तो ठेवतच नाही."

"मंग मशीन कसं वळखते?"

ईश्वरी माझ्या खांद्यावर पेंगायला लागली होती. मी तिला थोपटत त्याला सांगितलं, की माणसानं दिलेला शब्द दळून त्याचं पीठ करतात आणि ते पीठ ठेवतात. पुढच्या वेळी तो शब्द दिला की परत दळायचा आणि दोन्ही पिठं एक आहेत का बघायचं. पिठावरून दाणा परत होत नाही. मलाही नाही, कोणालाच नाही.

"म्हणजे त्यानं काय शब्द ठेवला होता, ते त्याच्यासंगच गेलं."

"हो."

मग मी विचारलं, "या खुर्चीवर तुझ्याशिवाय कोण बसतं?"

"कोण नाई बसत? म्या जेवाले गेलो का जो असन तो. टँकरवाला बसते. चेअरमनसाहेब बसतात, त्यांचा पुतण्या बसते. दार तं उघडंच असते ताई." मग त्याला माझा प्रश्न कळला. त्याचे डोळे भरून आले. "पुंजाजीचा आकडा म्या नाई बदलला. माह्या लेकराची शपथ. म्या गोकुळच्या नावानं असं करीन?"

त्यानं नसेल केलं. मला तसंच वाटतं, आजही. पण मला काय वाटतं त्याला पुरावा म्हणत नाहीत. त्या खुर्चीत जो बसेल तो गोकुळ होता आणि जे करेल ते गोकुळनं केलेलं होतं.

मी तिथूनच चेअरमन भगवंतरावांना फोन लावला. खुणेला मुदत घालणारी लॉगिनची नवी व्यवस्था बाकी सगळ्या केंद्रांवर बसली होती, देऊळघाटच राहिलं होतं. दर वेळी निरोप यायचा, नेट चालू नाही. नेट तर चालू होतं; तसा निरोप का यायचा, ते पडद्यावरचं 'नमस्कार, गोकुळ' बघून मला आता कळलं.

"कशाले खटाटोप करतं पोरी?" भगवंतराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमी जेवण झाल्यासारखा शांत असतो. "पुंजाजीले म्या समजावतो. रेकॉर्डवर गोकुळचं नाव हाये. झाली असन चूक. जो गेला त्याच्यावर घालून विषय मिटवून टाकू. मेलेल्या माणसाले काय फरक पडते?"

"त्याच्या आईला पडतो, काका," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आता काय करायचं ते माझ्या हातात होतं, आणि तेच अवघड होतं. ऑफिसातून एक बदल पाठवला की सगळी जुनी सेशन्स एका क्षणात तुटतात. पण ते सेशन नेमकं कोणाचं होतं आणि कोण त्याच्या आधारानं दिवस काढत होतं, ते मी घरी परत आल्यावर पाहिलं.

आई चुलीशेजारी बसली होती. पुढ्यात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात पावत्या. रोज दूध घातल्यावर मिळणारी बोटभर रुंदीची चिठ्ठी, तिनं एकही टाकली नव्हती. प्रत्येक पावतीच्या खाली असतं : ऑपरेटर - गोकुळ.

मी वरची उचलली. नाव ठळक होतं. खालच्या काढत गेले तसं ते फिकट होत गेलं. अगदी खालच्या कोऱ्याच होत्या. या पावत्यांना शाई नसते. प्रिंटरच्या उष्णतेनं कागदच काळा पडतो आणि तो काळेपणा मग हळूहळू उडून जातो. चुलीच्या धुरानं लवकरच.

"जुनं उडून जाते," आई म्हणाली. "मनून रोज नवीन लागते."

बाहेर बाबा म्हशीला हाकारत होते. ईश्वरीनं डब्यात हात घातला तशी आईनं तिचा हात हलकेच बाजूला केला. नातीला तिनं कधी काही नाही म्हटलेलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं. सेशन हा शब्द न वापरता सांगणं जमेना, म्हणून वापरला. खूण म्हणजे काय, मुदत म्हणजे काय, दार उघडं राहिलं म्हणजे काय. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"म्हणजे तो आत गेला अन् बाहेर आलाच नाई?"

"यंत्राच्या लेखी, हो."

"अन् त्याचं नाव घालून दुसरेच बसून राह्यले."

"हो आई."

"तुले मालूम होतं, मी हे कशाले जमा करून राह्यली?"

"आत्ता कळलं."

तिनं डब्याचं झाकण लावलं. जरा वाकलेलं होतं, बसेना. तिनं तळहातानं दाबलं.

"पुंजाजी आज घरी आला," ती म्हणाली. "उद्या दुसरा येईन. पोराचं नाव अंगणात येऊन पडाले लागलं, वं. पावतीवरचं मले पाह्यजे, पण हे नाई पाह्यजे." आणि थोड्या वेळानं, "बंद कर. पण उद्याची सकाळची धार टाकू दे मले. येवढी एक पावती घेतो, मंग कर."

दुसऱ्या दिवशी तिनं दूध घातलं, पावती घेतली, पण घरी गेली नाही. केंद्राबाहेर कडुनिंबाखाली बसून राहिली. लोक कॅन घेऊन येत होते, जात होते. कोणीतरी विचारलं, "काय वं पुष्पाबाई, कोणाची वाट पाहून राह्यली?" तिनं पावती पदराच्या गाठीत बांधली.

गर्दी सरली तेव्हा मी लॅपटॉप घेऊन आत गेले. खरं तर मला तिथं जायची गरज नव्हती. बुलढाण्यात बसून झालं असतं. पण कोणी दूरवरून वायर ओढावी तसं मला ते करायचं नव्हतं. पडद्यावर उजव्या बाजूला बाहेर पडायचं बटण होतं. गोकुळ गेल्यापासून त्याला कोणाचं बोट लागलं नव्हतं.

"दीपक, तू कर," मी म्हणाले. "तूच सांभाळलंस."

त्यानं माऊसवर हात ठेवला, पण हात हलेना. तेव्हा आई उठून आत आली. खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली, जसं जेवायला बोलवायला यावं आणि पोरगं कामात असावं. आणि त्या कोपऱ्यातल्या नावाकडे बघून म्हणाली, "झालं रे बाबू. उठ आता."

दीपकनं बटण दाबलं.

पडद्यावर दोन रिकामे रकाने आले. एक नावाचा, एक पासवर्डचा. दीपक टेबलावर डोकं ठेवून रडला. मोठ्यानं, पोरासारखा. ईश्वरी त्याला बघून घाबरली आणि तीही रडायला लागली. मला तिला बाहेर न्यावं लागलं. म्हणून त्यापुढं आत काय झालं ते मी पाहिलं नाही. परत आले तेव्हा आई फडक्यानं टेबल पुसत होती.

मग नवी व्यवस्था बसवली. दीपकचं खातं त्याच्या नावानं उघडलं. पासवर्ड टाकताना मी आणि आई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो. आता खुर्ची जरा वेळ रिकामी राहिली की यंत्र आपोआप दार लावून घेतं आणि परत विचारतं, तू कोण.

गोकुळचं खातं मी पुसलं नाही. पुसलं असतं तर त्यानं खरोखर स्वतः केलेल्या नोंदींनाही धनी उरला नसता. आम्ही वापरतो ती तयार चौकट प्रत्येक खात्याला ठरावीक गोष्टी विचारते. मुदत संपली का, कुलूप आहे का, चालू आहे का. माणूस आहे का, हे ती विचारत नाही. मी फक्त 'चालू' पुढचं 'हो' काढून 'नाही' केलं. आणि तो "आलोच" म्हणून गेला त्या सकाळनंतरच्या सगळ्या नोंदींवर लिहिलं, ऑपरेटर निश्चित नाही. पुंजाजी काकांचा बदललेला आकडाही त्यातच आला. भगवंतरावांना ते आवडलं नाही. त्यांनी माझ्या साहेबांना फोन केला. मी साहेबांना सांगितलं, की हे खोटं असेल तर खरं नाव कोणाचं घालू ते चेअरमननी सांगावं. परत फोन आला नाही.

पुंजाजी काकांना मी स्वतः जाऊन सांगितलं.

"मंग बदललं कोणं?"

"ते आता कधीच कळणार नाही, काका."

त्यांनी टोपी हातात फिरवली. "म्हणजे माह्यं तं तसंच राह्यलं." आणि मी निघाले तसं मागून म्हणाले, "पण पोराचं नाव निघालं ना त्यातून? ते बरं केलं. तुह्या मायले सांगजो, मी आलतो त्या दिवशी, ते मनात नको ठेवू म्हणा."

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं.

दीपकला वाटलं, आईची ती शेवटची पावतीही उडून जाईल. आईला न विचारता नाही, चांगला विचारून, हातरुमालात गुंडाळून तो ती बुलढाण्याला घेऊन गेला. लोक दाखले, ओळखपत्रं लॅमिनेशन करून ठेवतात, तसं करायला. आपल्याकडे जपायचं म्हणजे प्लास्टिकमध्ये घालायचं. दुकानदारही घाईत होता. त्यानं पावती दोन प्लास्टिकमध्ये घातली आणि गरम मशीनमधून सरकवली.

त्या कागदावर उष्णताच लिहिते. पावती सबंध काळी होऊन बाहेर आली.

दीपक ती घेऊन आमच्या अंगणात उभा होता तेव्हा मी माहेरीच होते. आईनं त्याच्या हातातून ते काळं, गुळगुळीत, कडा चांगल्या कापलेलं पान घेतलं. उलटंसुलटं केलं. त्याच्यावर ओरडली नाही. "बस, च्या घे," म्हणाली. तो बसला नाही.

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "पूनम, तुह्या त्या लॅपटॉपमधून दुसरी काढता येत नाई का?"

"त्या दिवसाची पावती निघेल. पण खाली ऑपरेटर म्हणून माझं नाव येईल. आत जो असतो त्याचंच छापतं."

"त्याचं येतच नाई? कायबी केलं तरी?"

मी लॅपटॉप उघडलेला होता. मला अधिकार आहे. गोकुळच्या खात्यापुढचं 'नाही' परत 'हो' करायचं, माझ्या मनचा पासवर्ड त्याला लावायचा, त्याच्या नावानं आत जायचं, एक पावती काढायची आणि बाहेर येऊन सगळं पूर्ववत करायचं. चहाला उकळी येईपर्यंत झालं असतं. कोणाचं नुकसान नव्हतं. कोणाला कळलंही नसतं.

"येईल," मी म्हणाले. आईशी खोटं बोलवेना. "पण मला गोकुळ होऊन आत जावं लागेल."

आई चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. ते तिनं मातीत टेकवलं, विझेपर्यंत धरून ठेवलं.

"म्हणजे ते दुसरे बसत होते तसंच."

"हो."

"नको मंग."

मी लॅपटॉप मिटला. ईश्वरी झोपेतून उठून माझ्या मांडीवर येऊन बसली होती, तिचं अंग ऊन ऊन लागत होतं. मी सवयीनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

आई ते काळं पान घेऊन दारात गेली. उजेडाकडे तिरपं धरलं, डोळ्यांजवळ नेलं, परत लांब नेलं.

"हाये ना पण याच्यात?" तिनं विचारलं. "गेलं तं नाई. झाकलं फक्त."

"आहे," मी म्हणाले.

तिनं ते माझ्याकडे दिलं. मीही उजेडाकडे तिरपं धरून बघितलं.